डबीवरची लाल रेघ

आमच्या घरात वाकळा शिवायचं काम बायको करते आणि त्या कशा शिवायला हव्यात हे मी सांगतो. वीस वर्षं ही वाटणी चालू आहे. तिनं मला कधी विचारलेलं नाही आणि मी कधी थांबलेलो नाही.

मी नसरापूरजवळच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. म्हणजे परीक्षानळ्या धुतो, बाटल्यांना लेबलं लावतो, फुटलेल्या वस्तूंची यादी करतो. मुलं मला सर म्हणतात, म्हणून गावही सर म्हणतं, आणि इतक्या जणांनी म्हटल्यावर माणसाला ते हळूहळू खरं वाटायला लागतं. मार्गासनीच्या पुढं रस्त्याला लागून आमचं घर आहे. पुढच्या खोलीत, खिडकीच्या उजेडाला बायकोची पायमशीन असते. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरनं लोक जुनी लुगडी, साड्या, धोतरं आणून देतात आणि ती त्यांच्या वाकळा करते. पूर्वी हातानं धावदोरा घालायची, आता मशीनवर.

मशीनच्या टाक्याला दोन दोरे लागतात. एक वरनं सुईतून येतो, दुसरा खालनं, बॉबिन नावाच्या छोट्या रिळातून. ही बॉबिन एका लोखंडी डबीत बसते. डबी एवढीशी, दोन बोटांच्या चिमटीत धरता येईल अशी. तिच्या अंगाला एक पातळ पट्टी असते आणि पट्टीवर ज्वारीच्या दाण्याहून लहान स्क्रू. तो आवळला की खालचा दोरा अडून अडून येतो, सैल केला की मोकळा येतो. दोन्ही दोऱ्यांची ओढ जुळली तर गाठ कापडाच्या पोटात बसते, वरनंही दिसत नाही आणि खालनंही. वाकळेला पाच-सहा थर असतात, दोरा जाड असतो, म्हणून तिची डबी ब्लाउजच्या डबीपेक्षा सैल ठेवावी लागते. हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा मला फक्त ग्रॅम माहीत होते.

बायकोकडे दोन डब्या आहेत. ब्लाउज-परकराच्या डबीचा स्क्रू ती हवा तसा फिरवते. वाकळांची डबी वेगळी. ती तिला नसरापुरातल्या एका म्हाताऱ्या टेलर मास्तरांनी दिलेली. लग्नानंतर ती त्यांच्याकडे शिकायला जायची. मास्तरांनी जाड दोऱ्याला डबी लावून दिली आणि स्क्रूच्या डोक्यावरनं पट्टीवर लाल नेलपॉलिशची एक रेघ ओढली. रेघ सलग दिसतेय तोवर स्क्रू हललेला नाही, असा तिचा अर्थ. "हिला हात लावू नको, पोरी," एवढं त्यांनी बजावलं. पुढं काही वर्षांनी मास्तर गेले, रेघ राहिली. टाका बिघडला की बायको आधी ती रेघ बघायची. रेघ जुळलेली असली की डबीचा विषय संपला. मग सुई, मग दोरा, मग वरच्या दोऱ्याची ओढ ठरवणारी चकती. मास्तर जिवंत असताना त्यांच्यावर होता त्यापेक्षा तिचा त्या रेघेवर जास्त विश्वास होता.

मग मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला.

त्यात परदेशातली एक बाई होती आणि तिची मशीन आमच्या पुढच्या खोलीएवढी होती. तिनं एका छोट्या काट्यावर डबी बसवली, दोरा ओढला आणि ओढ ग्रॅममध्ये मोजून दाखवली. मोजल्याशिवाय शिवणं म्हणजे नुसता अंदाज, असं काहीतरी ती म्हणाली. तिचं इंग्रजी मला निम्मंच कळत होतं, त्यामुळं ते जास्त पटलं.

"तुझ्या डबीची ओढ किती आहे?" मी बायकोला विचारलं.

"पुरंल एवढी."

"ग्रॅममध्ये किती?"

"अवो, म्या वाकळ शिवतीया, साखर जोखत न्हाई."

अशा उत्तरानं अडाणी माणूस गप्प बसला असता. मी शिकलेला. शाळेतला स्प्रिंगकाटा आणून आधी ब्लाउजच्या डबीवर लावून पाहिला. तो विटा मोजायच्या लायकीचा, दोऱ्याची दखलही त्यानं घेतली नाही. मग मी व्हिडिओतल्यासारखा काटा मोबाईलवरनं मागवला. पत्ता शाळेचा दिला, म्हणजे घरी प्रश्न नकोत. तो आला तेव्हा मी प्रयोगशाळेचं दार लावून खोकं उघडलं.

एका रविवारी बायको शिवऱ्याला बारशाला गेली. मी वाकळांची डबी काढून काट्यावर चढवली. काटा पंधराच्या किंचित अलीकडं थांबला. व्हिडिओतल्या बाईचा आकडा पंचवीस होता. तो कुठल्या दोऱ्याला, कसल्या मशीनला, हे तिनं सांगितलं असणार, पण ते न कळलेल्या निम्म्यात गेलं. मला एवढंच दिसलं की माझ्या बायकोच्या डबीत दहा ग्रॅमची तूट आहे आणि ती इतकी वर्षं तशीच शिवत बसली आहे. तिची कीव आली. खरंच आली.

स्क्रूची खाच नेलपॉलिशनं भरली होती. ब्लेडनं ती खरवडली तेव्हा रेघ गेली. मग बारीक पेचकसानं स्क्रू आवळला. पाव फेराही नसेल. काटा बरोबर पंचवीसवर आला आणि मला फार बरं वाटलं.

बरं वाटून झाल्यावर रेघेची आठवण झाली. इथं मी दोन गोष्टी करू शकत होतो. संध्याकाळी ती आल्यावर सांगणं ही एक. मी दुसरी केली. तिच्या कपाटात लाल नेलपॉलिशची बाटली होती, भाचीच्या लग्नात घेतलेली. काडेपेटीतल्या काडीचं टोक बुडवून मी नवी रेघ ओढली. रोज लेबलं लिहिणारा हात, त्यामुळं मास्तरांच्यापेक्षा सरळ आली. फार चकचकीत दिसायला लागली म्हणून बोटाला मशीनचं तेल आणि खिडकीतली धूळ लावून ती जुनी केली. त्यानंतर मला चहाची तल्लफ आली.

स्वतःला मी असं समजावलं होतं की पहिली सुबक वाकळ तयार झाली की तिला सगळं सांगून चकित करायचं. चकित ती त्याच आठवड्यात झाली.

वरच्या धनगरवाड्यावरची एक बाई तीन वाकळांचं कापड देऊन गेली होती. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. कापड म्हणजे तिच्या वारलेल्या सासूची लुगडी. "आजीनंच वाडवली तिला," ती म्हणाली होती. "पेटीत कसर लागंल त्यास्नी, त्यापरीस पोरीसंगं जाऊ द्यात." अशी लुगडी बाजारात मिळत नाहीत, आणि लग्नाची तारीख कुणासाठी थांबत नाही. बायकोनं पहिल्या वाकळेच्या चार ओळी मारल्या, आणि कापड उलटं करून पाहिलं.

वरनं टाका ठीक होता. खालच्या अंगाला मात्र बॉबिनचा दोरा तारेसारखा सरळ ताणून बसला होता, आणि वरच्या दोऱ्याचे बारीक बारीक फास उभे राहिले होते. आवळलेला दोरा वरचा सगळा दोरा खाली ओढून घेत होता. तिनं डबी काढली, उजेडात धरली, रेघ पाहिली.

"डबी तर जाग्यावर हाय," ती म्हणाली.

मी पेपर वाचत होतो. पेपर वाचतच राहिलो.

तिनं वरची चकती आवळली, तर दोरा तुटायला लागला. सुई बदलली. तेल घातलं. नसरापूरहून नवी रिळं आणली. मी म्हणालो, "हल्ली दोराच चांगला येत नाही." न बोलण्यापेक्षा हे वाईट होतं, पण मला तिला धीर द्यायचा होता. एक वाकळ झाली, दुसरी निम्मी झाली. ती मधेच उसवायची, पुन्हा घालायची आणि दर वेळी डबी काढून ती रेघ बघायची. मी शाळेत बीकर धुताना ठरवायचो की आज स्क्रू गुपचूप जागेवर आणायचा. पण मग रेघ पुन्हा खरवडावी लागणार, आणि बाटलीचं झाकण मी नीट लावलं नव्हतं, त्यामुळं नेलपॉलिश वाळून खडा झालं होतं. माझ्या सचोटीची वाट अशी एका झाकणानं अडवली.

लग्नाला महिना राहिला तेव्हा ती बाई काम बघायला खाली आली. बायकोनं पहिली वाकळ मांडीवर पसरून दाखवली. बाईनं मायेनं खालच्या अंगावरनं हात फिरवला, तिच्या काकणात एक फास अडकला आणि तिनं हात मागं घेतला तशी अख्खी ओळ सरसर करत उसवत गेली. मी दारात चहाचे कप घेऊन उभा होतो.

बाईनं काकणात अडकलेला दोरा सोडवला. मग म्हणाली, "बाई, तुमच्या हातची वाकळ माज्या थोरलीकडं धा वर्सं हाय. गाईनं तुडिवली तरी टाका गेला न्हाई."

"माजंच चुकलं," बायको म्हणाली. "डोळ्याला दिसंना झालंय."

दोघींनी माझ्याकडं पाहिलं, बहुतेक चहासाठी. मी म्हणालो, "वयानुसार होतं ते."

हे वाक्य मी बोललो. मला कुणी बोलायला लावलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मी रजा टाकून तिला भोरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. पाव फेऱ्याची कबुली द्यायची नसेल तर माणूस केवढा कर्तव्यदक्ष नवरा होतो हे तेव्हा कळलं. तिच्या वयाला जवळचा नंबर निघतोच, तसा निघाला. माझी काळजी खरी ठरली म्हणून मला चक्क आनंद झाला. परत येताना एसटीत ती खिडकीशी बसून पाट्या वाचत होती. हॉटेलं, खतांची दुकानं, नर्सरी, सगळं. वाचून झाल्यावर म्हणाली, "लांबचं तर मला पयलंबी दिसत हुतं."

"जवळचा नंबर आहे तो," मी म्हणालो. या विषयातही मी तज्ज्ञ झालो होतो.

चष्मा आल्यावर तिनं आजीच्या लुगड्यांना हात लावला नाही. आधी स्वतःच्या जुन्या साड्या घेतल्या आणि घरासाठी एक वाकळ शिवली, नुसती हात तपासायला. सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवला. चार दिवस मान वर न करता तिनं ती वाकळ पुरी केली, उलटी केली आणि चष्म्यातून पाहिली. फास आता आणखी स्पष्ट दिसत होते.

तिनं मशीन बंद केली, वर जुनी चादर टाकली आणि चादरीवर लोणच्याची बरणी ठेवली. मशीनवर बरणी ठेवलेली मी आजवर पाहिली नव्हती. मग तिनं लुगडी गोळा केली, झालेली वाकळ, अर्धी वाकळ, न कापलेलं कापड, सगळ्याचं गाठोडं बांधलं.

"हात गेला माजा," ती म्हणाली. "उद्या शाळंतनं आला की ह्ये वाड्यावर निऊन द्या. म्हणावं दुसऱ्या कुणाकडनं करून घ्या. मला त्यांच्या म्होरं जायाला नगं."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. हिशेब मिटल्यासारखं ती बोलली आणि तांदूळ निवडायला बसली, चष्मा लावून.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेच्या कपाटात मोडक्या व्होल्टमीटरांच्या मागं लपवलेला काटा काढला, पिशवीत घातला आणि घरी आलो. ती चहा टाकत होती. मी काटा तिच्यापुढं ओट्यावर ठेवला आणि सगळं सांगितलं. क्रमानं सांगितलं. व्हिडिओ, पंधरा, पंचवीस, ब्लेड, काडी, तेल, धूळ. ग्रॅमचं जरा जास्त सांगायला लागलो तेव्हा चहा उतू गेला आणि मी थांबलो.

तिनं गॅस बंद केला. ओटा पुसला. मग विचारलं, "कुठली नेलपॉलिश?"

"तुझीच. लग्नातली."

"म्हून वाळली व्हय. मला वाटलं बाटलीच खराब." फडकं पिळत म्हणाली, "आन् धूळ लावली वरनं."

"हो."

"चष्म्याचं काय?"

"चष्मा खरा आहे. नंबर खरंच आहे."

"व्हय. तेवढंच एक खरं निगालं घरात."

त्या दिवशी ती एवढंच बोलली. मला आरडाओरडा अपेक्षित होता. तो झाला असता तर माझी सुटका झाली असती. तिनं बरणी उचलली, चादर काढली, गाठोडं सोडलं आणि ब्लेडचं पातं माझ्या हातात दिलं. ते पातं कुठल्या कामाला आधी वापरलं होतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

पाच दिवस मी उसवत होतो. शाळेतनं आलो की खिडकीशी बसायचं आणि एकेक टाका कापायचा. लुगडं जुनं, पातं जरा तिरकं गेलं की धागा तुटायचा. सुईची भोकं राहिली होती. ती पाण्याचं बोट लावून नखानं कापड चोळायची आणि भोकं हळूहळू मिटायची. शेजारची म्हातारी दारातनं डोकावून म्हणाली, "सर, तुमी बी शिकाय लागला का?"

"उसवायला शिकत्यात," बायको म्हणाली. "शिवायचं त्यास्नी येतंय आदीच."

लुगडी मोकळी झाल्यावर खरी अडचण उभी राहिली. स्क्रू कुठवर न्यायचा? रेघ खोटी, मास्तर हयात नाहीत. मी म्हणालो, पंधरावर आणू, मला आकडा आठवतोय. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मी आकडा परत घेतला.

तिनं डबी हातात घेतली. मग म्हणाली, "मास्तर आशी धरायचं." दोऱ्याचं टोक चिमटीत धरून तिनं डबी हवेत लोंबकळत सोडली, खाली दुसऱ्या हाताचा तळवा धरला. डबी जागची हलली नाही. मनगटाला किंचित झटका दिला, तरी नाही. ती आवळलेली होती, मी आवळलेली. तिनं नखानं माझी रेघ खरवडून टाकली, स्क्रू केसभर सोडला, पुन्हा लोंबकळवली. जास्त झाला, डबी सुळकन तळव्यावर आली. पुन्हा आवळला. असं कितीदा केलं मी मोजलं नाही. शेवटी डबी लोंबकळत राहिली, आणि झटका दिला की चार बोटं उतरून थांबली. पुन्हा झटका, पुन्हा चार बोटं. चिंधीवर दोन ओळी मारल्या, उलट्या केल्या. खालचा-वरचा टाका ओळखू येईना.

मग ती म्हणाली, "लावा तुमचा काटा."

"नको."

"लावा की. यवढा मागिवलाय."

मी लावला. काटा पंधराच्या किंचित अलीकडं थांबला. पहिल्या दिवशी थांबला होता तिथंच. तिनं आकडा विचारला नाही आणि मी सांगितला नाही. रेघ ओढायला नवी बाटली आणू का, एवढं मी विचारलं.

"नगं आता रेघ," ती म्हणाली. "रेघंकडं बगत बसले म्हून तर माज्याच हाताचा संशव घेतला."

लग्नाच्या चार दिवस आधी तिन्ही वाकळा झाल्या. माझ्या डोक्यावर गाठोडं आणि ती पुढं, असे आम्ही वाड्यावर गेलो. बाईनं घोंगडी अंथरली, ताक दिलं. वाकळा सोडायच्या आधी बायको मला म्हणाली, "सांगा." मी सांगायला लागलो. ओढ, स्क्रू, ग्रॅम.

बाईनं मधेच तोडलं. "म्हंजी बाईंचा हात चांगला हाय."

"हो."

"आन् डोळं?"

"चष्मा फक्त जवळचं बघायला."

"मग त्या दिशी तुमी च्या घिऊन हुबं हुता, तवा का न्हाई बोलला?"

  मी ताकाचा पेला उचलून तोंडाला लावला.

"आमच्यात मेंढराच्या कानाला खूण आस्ती, सर," ती म्हणाली. "ज्याच्या त्याच्या कळपाची येगळी. दुसऱ्याची खूण मोडून वर आपली करणाऱ्याला काय म्हंत्यात, ठावं हाय का?"

ठाऊक नव्हतं, पण अंदाज आला. न मोजता आलेला तो माझा पहिलाच अंदाज असेल.

मग तिनं वाकळ पसरली, उलटी केली आणि काकणांचा हात खालच्या अंगावरनं मुद्दाम दाबून फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काही अडकलं नाही. नवरी शेळ्यांमागनं नुकतीच आली होती. तिनं वाकळेच्या कोपऱ्यातला लुगड्याचा काठ ओळखला आणि त्यावर बोट ठेवून आईला म्हणाली, "ह्ये आजीचं सणाचं." बायकोनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा लावला.

काटा परत शाळेच्या कपाटात गेला, व्होल्टमीटरांच्या मागं.

राहिली ती घरची वाकळ, तिनं स्वतःच्या साड्यांची, हात तपासायला शिवलेली. मी पातं घेऊन ती उसवायला बसलो तेव्हा तिनं काढून घेतली. "ही न्हाई उसवायची," म्हणाली. "ही तुमाला."

आता ती माझ्या खाटेवर असते. खालच्या अंगाला फास तसेच उभे आहेत. सकाळी उठताना पायाचं एखादं बोट हमखास अडकतं. पाय झटकला तर ओळ उसवते, म्हणून उठून बसावं लागतं, वाकावं लागतं आणि हातानं फास सोडवावा लागतो. मशीन तोवर सुरू झालेली असते. पायपट्टी थांबते आणि पुढच्या खोलीतनं आवाज येतो.

"आडाकलं का?"

"अडकलं."

"किती ग्रॅमनं?"

मोजलं नाही, म्हणतो. पायपट्टी पुन्हा सुरू होते.